धूसर कारकून

संगबेने समाजमंदिरातल्या टीव्हीचा आवाज पार शेवटपर्यंत नेला आणि पुढ्यात बसलेल्या काकूंना हाताने दोन्हीकडे सारलं. चुसॉकच्या, म्हणजे सुगीच्या सणाची दुपार. त्यात सरपंचांनी सकाळीच भोंग्यावरून पुकारलेलं, ग्वाकांचा संगबे आज सिनेमात दिसणार. अख्खं गाव लोटलं होतं.

"याच्यानंतर मीच," संगबे म्हणाला. त्याला एका जागी उभं राहवत नव्हतं.

भिंतीला टेकून त्याचा बाप, म्हातारा ग्वाक, नासपती सोलत होता. अट त्याचीच होती. टीव्हीवर दिसलास तर जा शहरात, हो नट. नाही दिसलास तर उद्यापासून बागेत.

सिनेमा भन्नाट होता. कंपनीतल्या सगळ्यांनी सिगारेट सोडायची शपथ घ्यायची असते आणि एक कारकून, म्हणजे संगबे, शपथेआधी अख्खं पाकीट एकदम तोंडात कोंबून पेटवतो. तेही म्हाताऱ्या मालकासमोर. थिएटरात लोक हसून लोळले होते.

पण टीव्हीवर सिगारेट दिसू देत नाहीत, पुसट करून टाकतात. हे संगबेच्या डोक्यातच आलं नव्हतं. एखादी असती तर ओठांपुरतं पुसून भागलं असतं. पाकीटभर म्हटल्यावर कपाळापासून टायपर्यंत कारकुनाचा नुसता धूसर चौकोन झाला.

"हे काय रे, पिठलं?" ओक्चनच्या काकूंनी विचारलं.

"मी आहे तो."

"असशील बाबा. आमचा बैलही असेल."

"खोकला ऐका ना, काकू. माझाच आहे."

"खोकला काय, सगळ्यांचा सारखाच," सरपंच चष्मा पुसत म्हणाले. "मी भोंग्यावर काय सांगून बसलो, आणि हे काय."

पडद्यावर चौकोनाने मालकाला वाकून नमस्कार केला, भिंतीकडे तोंड केलं, हाताचा आडोसा धरला आणि धूर सोडला. प्रसंग संपला. संगबे मटकन खाली बसला.

म्हाताऱ्याची सुरी थांबली.

"तोच आहे."

"कशावरून?" सरपंचांनी विचारलं.

"समोर वडीलधारं माणूस आहे म्हणून तोंड फिरवून ओढतोय. दुसऱ्या कुणाला सुचलं असतं?" त्याने नासपतीची फोड पोराच्या पुढ्यात धरली. "जा शहरात. बागेचं मी बघतो."

काकूंनी टाळ्या पिटल्या. संगबेने फोड दोन्ही हातांनी घेतली आणि सावकाश चावू लागला. सारखं सारखं तोंड फिरवतो म्हणून दिग्दर्शकाने त्याला पुन्हा सेटवर पाऊल ठेवायचं नाही असं बजावलं होतं, हे सांगायला फोड आधी संपायला हवी होती.