राणीच्या खिडकीपाशी

किल्ल्यात आलेला प्रत्येक जण आधी एकच विचारायचा, "राणीने उडी मारली ती खिडकी कुठली?" गाईडबाई बोट दाखवायची. जुन्या शोकांतिकेतली राणी नवऱ्याचं प्रेत पाहून इथूनच स्वतःला झोकून देते. किल्ला खरा, राणीही खरी. उडी तेवढी नाटककाराची. पण खरं सांगितलं की लोकांचे चेहरे पडायचे, आणि सकाळी अंथरुणातल्या आईचं सगळं उरकून आलेल्या गाईडबाईच्या अंगात वाद घालायचं त्राण उरत नसे.

आईने तरुणपणी हीच राणी रंगभूमीवर गाजवली होती. हल्ली तिने धोशाच लावला होता, "एकदा मला तो खिडकीचा बुरूज दाखव." शेवटी एका दुपारी दोघा पहारेकऱ्यांनी तिला खुर्चीसकट वर चढवलं.

"माझ्या राणीला असं उचलून न्यावं लागत नव्हतं हो," आई म्हणाली. दोघे धापा टाकत हसले आणि खाली गेले.

आईने खिडकी निरखून पाहिली. "एवढीशी? यातून फार तर मांजर जाईल."

"उडी कुणी मारलीच नव्हती, आई."

"मग गेली कशी?"

लेकीने जरा टाळलं, मग सांगून टाकलं. "म्हातारी होऊन. शेवटी हातसुद्धा हलत नव्हते. लेक भरवायची."

"उडी बरी होती गं," आई हळूच म्हणाली.

लेक गर्रकन वळली. "काहीतरीच काय बोलतेस!"

"कंबर धरून चालतेस. दिसतं मला."

एरवी लेक 'मला काय धाड भरलीय' म्हणून मोकळी झाली असती. आज खिडकीखालच्या दगडी ओट्यावर बसली. "दमते गं मी. फार दमते."

"परक्या हातची आंघोळ नको म्हणून मीच अडून बसले," आई म्हणाली. "ठेव एखादी बाई. कुरकुर करीन, तिकडे लक्ष देऊ नकोस."

पुढच्या आठवड्यात बाई आली. आईने पाण्यावरून, साबणावरून, टॉवेलवरून तिला भंडावून सोडलं, पण आंघोळ करून घेतली. पलीकडच्या खोलीत लेक ती भांडणं ऐकत पडली होती. उठून मध्ये पडावं असं एकदा मनात आलं तिच्या. तेवढ्यात डोळा लागला.