उपासाचं रक्त

इलारिओनबुवाच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. फाटकावर रक्ततपासणीचे कागद टाचले होते आणि बी-१२ जीवनसत्त्वापुढचा वर जाणारा बाण माणसं बोटांनी चाचपत होती.

"ईस्टरआधीचे चाळीस दिवस," बुवाचा आवाज चढला. "मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. डॉक्टर म्हणतात, अशानं हे जीवनसत्त्व घटतं. आमच्या सरबतानं ते तिप्पट झालं! पोसणारा वर बसलाय, बायांनो."

वर बसलेला सरबत विकत नव्हता, एवढंच. गावची नर्स म्हणून हे रक्त मीच काढलं होतं, त्यामुळे माझा पाय एका जागी ठरेना. सगळ्यांत मोठा आकडा माझ्या थोरल्या भावाचा, तोआदेरचा होता. बुवानं त्याला खुर्चीत बसवलं होतं आणि बायका त्याच्या हाताला हात लावून जात होत्या. महिन्याभरात तो अंगानं निम्मा झाला होता. विचारलं की म्हणायचा, "उपास आहे, वेतुरिया. चालायचंच."

मी तडक बुवाच्या स्वयंपाकघरात घुसले. सरबत गाळून उरलेल्या रानगुलाबाच्या फळांच्या चोथ्याखाली इंजेक्शनच्या फोडलेल्या कुप्या होत्या. एक भरलेली सापडली. ती मी अंगणात सगळ्यांदेखत पेलाभर पाण्यात ओतली. पाणी लाल झालं.

"हेच बी-१२. लाल सरबतात लाल औषध, कोणाला दिसणार?"

"औषधही देवानंच केलंय," बुवा पुटपुटला.

"मग आमच्यापासून लपवलंस कशाला रे?" परास्किवाकाकूनं विचारलं.

तोआदेर मात्र हसला. "मी थेंबही घेतला नाही. साखरेचा आजार आहे ना मला. रोजचा पेला कोंबड्यांना."

"म्हणजे याचा चमत्कार खरा," कोणीतरी म्हणालं, आणि बायका पुन्हा त्याच्याकडे वळल्या.

मी त्याच्या खुर्चीपुढे आडवी झाले. "अहो, हे जीवनसत्त्व यकृतात साठतं. यकृत बिघडलं की न घेताही रक्तात वाढतं. कधी रक्ताचाच आजार असतो. दादा, वर बघ."

उन्हात त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट दिसला.

"सण होऊ दे, मग जाऊ," तो म्हणाला.

"आत्ता. शहराची बस दहा मिनिटांत आहे."

खुर्चीतून उठताना दोघांना त्याला धरावं लागलं. तेव्हा कुठे बायकांनी हात मागे घेतले.

"आकडा मोठा दिसला की हात जोडू नका," मी म्हणाले. "तो का वाढला, ते डॉक्टरला विचारा. मी नर्स असून महिनाभर दादाला झिजताना बघितलं आणि डॉक्टरला विचारलं नाही."