लाल शेवाळाचं वाळवण

ज्या जिल्ह्यात टँकरची वाट बघण्यात उन्हाळे सरतात, तिथं पंचशीला समुद्रातलं लाल शेवाळ घेऊन बसली होती. केजच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. स्टाफरूममधले लोक तिला 'समुद्रबाई' म्हणत, चहा पाजत आणि विषय बदलत. मग तिनंही सांगणं सोडलं. सांगणार कुणाला, भिंतीला?

काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका खडकावर, ऐन ओहोटीला, ते तिच्या हाती लागलं होतं. बोटभर उंच, गर्द लाल, आणि फांद्यांवर बारीक दाणे, म्हणजे फळावर आलेलं. जात ओळखायला हे दाणे लागतात. पण नुसत्या रूपाचा भरवसा धरावा, तर एकाच जातीची शेवाळं लाटांचा मार खाऊन निरनिराळी दिसतात आणि परकी सख्ख्या बहिणींसारखी. म्हणून डीएनएही तपासायचा. तिनं एक तुकडा तपासणीसाठी काढून ठेवला आणि बाकीचं शेवाळ जाड कागदावर पसरून दाबलं. नव्या जातीला नाव द्यायचं तर हा मूळ नमुना हवाच. पुन्हा गेली, तेव्हा त्या खडकावर बोटींचा धक्का झालेला होता; आता होता तो एवढाच नमुना.

केजची भाड्याची खोली ओल धरणारी, म्हणून तो कागद तिनं आपल्या गावी, युसूफ वडगावला, आईच्या म्हणजे पारूबाईच्या ट्रंकेत ठेवला. "याला हात लावू नको," एवढंच बजावलं. का, ते सांगितलं नाही. पारूबाईनं जन्मात समुद्र पाहिलेला नाही, तिला काय कळणार, असं या शिकलेल्या लेकीला वाटलं.

एका दुपारी पुण्याहून त्या तुकड्याच्या तपासणीचा अहवाल आला. डीएनए कुठल्याच माहीत असलेल्या जातीशी जुळत नव्हता. पंचशीलाला आभाळ ठेंगणं झालं. स्टाफरूम भरलेली होती, पण जिला सांगावं ती त्यात नव्हती. जातीचं नाव तिनं केव्हाच ठरवलं होतं. पारूबाईचं. ती तशीच उठली आणि वडगावच्या जीपमध्ये बसली.

"पंचे, आज मधीच कशी गं आलीस?" पारूबाई ओट्यावरूनच म्हणाली.

"सांगते. आधी माझा कागद दे."

पारूबाईचा चेहरा खुलला. "आगं, त्याच्यावर पांढरं पांढरं आलतं. मला वाटलं बुरशी लागली. तुझी चीज नासंल म्हून हलक्या हातानं धुतली अन् पत्र्यावर वाळू घातली. लई ऊन दिलं. बघ, कसं कडक वाळलंय!"

ते पांढरं म्हणजे समुद्राचं मीठ होतं.

तिनं पुढं केलेल्या ताटलीत फिकट पिवळा चुरा होता. लाल रंग उडाला होता, दाणे कुठंच नव्हते. पारूबाईचं वाळवण गावात नावाजलेलं, तिची कुरडई कधी बिघडली नाही. तितक्याच मायेनं तिनं हेही वाळवलं होतं. लाल शेवाळाला ऊन सोसत नाही, ते सावलीत वाळवतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगू शकणारी एकटी पंचशीला होती. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कुणावर?

"नासलं न्हाई ना गं?"

"न्हाई आई. चांगलं वाळलंय."

"मग त्वांड कावून उतरलंय? अन् काय सांगाया आलतीस?"

पंचशीलानं चुरा हातानं झाकला. "काई न्हाई. तुझी आठवण आली."

पारूबाई इतकी हरखली, की तिनं शेजारणीला हाक मारली, "केसरे, ऐकलंस का? माझी लेक नुसती आठवण आली म्हून केजवरनं आली बघ!"

आणि ती चहा ठेवायला आत गेली. पंचशीला ताटली मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिली. हे दुःख जिच्या कुशीत शिरून सांगावं असं माणूस एकच होतं, आणि नेमकं तिलाच ते सांगता येणार नव्हतं.