पिंजलेला कापूस

घराघरात उंदीर मरून पडायला लागले, दरबाराचा हुकूम निघाला आणि कोल्हापूर उठून माळावर गेलं. कुडाच्या भिंती, वर उसाचा पाला. पेठेत ज्यांची तोंडं एकमेकांना दिसत नव्हती, ते आता एकमेकांचा खोकला ऐकत झोपायला लागले.

ख्वाजा पिंजाऱ्याचं बिऱ्हाड तिथंच होतं. माणूस गुणी, पण स्वतःच्या गुणावर जरा जास्तच खूश. कापूस चिमटीत धरला की तो कुठल्या शिवारातला हे सांगायचा, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला अशी रजई करीन की कागलचे व्याही बघत राहतील, हे तर त्यानं मलिकाच्या लग्नापासून सगळ्या आळीला ऐकवलं होतं. आता मलिका माहेरी आली होती, दिवस भरत आले होते, आणि माळावरच्या वाऱ्यात तिच्या अंगावर एक विरलेली वाकळ होती. बाजार बंद. मूठभर कापूस कुठं मिळत नव्हता. ख्वाजाला तिच्याकडं बघवत नसे.

प्लेगात गाद्या कोण भरून घेणार? म्हणून त्यानं गावाबाहेरच्या खड्ड्यावर काम धरलं होतं. ज्या घरात माणूस दगावेल तिथलं अंथरूण-पांघरूण गाडीतून यायचं, ते ख्वाजानं आणि जोडीदार गुंडूनं जाळून टाकायचं.

एका दुपारी पेठेतल्या हंबीररावांच्या घरची गादी आली. शिवण बघून ख्वाजाचा हात थांबला. ही गादी त्यानंच भरली होती, हंबीररावांच्या लेकीच्या लग्नात. त्यानं कोपरा उसवला. आत पांढराशुभ्र, मऊ कापूस.

"टाक की," गुंडू म्हणाला.

"ह्यो जाळायचा? माझ्या हातानं निवडलाय, गुंड्या. सरकीचं टरफल सापडायचं न्हाय ह्यात."

"माणूस मेलंय त्याच्यावर."

"मेलं असंल. पिंजला की कापूस नवा हुतोय. कमानीच्या तातीखाली कायबी टिकत न्हाय."

हे त्यानं मनचं काढलं नव्हतं. बाप हेच सांगायचा, आजाही हेच सांगायचा. म्हाताऱ्यांच्या, आजाऱ्यांच्या, मेलेल्यांच्या गाद्या पिंजाऱ्यानं आजवर पुन्हा भरल्याच होत्या आणि लोक त्यांवर सुखानं झोपले होते. गुंडूनं तोंड फिरवलं. "मी बघितलं न्हाय," एवढंच तो म्हणाला.

ख्वाजानं गादी ओढ्याकाठी नेली, कापूस उन्हात पसरला, कमान काढली आणि लाकडी मोगरीनं तिच्या ताणलेल्या तातीवर ठोके घालत पिंजायला बसला. कितीतरी दिवसांनी तो आवाज निघाला होता. कापूस फुगून वर आला तसा तोही फुगला. गादीची खोळ चांगल्या छिटाची होती, ती त्यानं नुसती झटकून रजईला घेतली. एवढी चांगली खोळ पाण्यात घालून रंग कोण घालवणार?

"कापूस कुठनं आणला वो?" त्याच्या बायकोनं, अमीरबीनं विचारलं.

"हातकणंगल्याच्या एका वळखीच्याकडनं," तो म्हणाला. खोटं बोलायची सवय नव्हती, तरी सहज जमलं.

मलिकानं रजई गालाला लावली आणि हसली. त्या हसण्यासाठी ख्वाजानं आणखी दहा खोट्या गोष्टी सांगितल्या असत्या. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अब्बा, हिच्यात पिसवा हायत काय वो? पाय खाजत्यात."

"नव्या कापसात कसल्या पिसवा? माळावरच्या असतील की."

मग तिला थंडी वाजून आली. जांघेत गाठ आली. अमीरबीनं रजई तिच्या गळ्यापर्यंत ओढली, कडा खाली खोचल्या. "तुमी येळंवर केलीसा म्हून ऊब तरी हाय पोरीला," ती नवऱ्याला म्हणाली. ख्वाजा उंबऱ्यात उभा होता. आत जावं आणि ती रजई फरफटत बाहेर न्यावी असं त्याच्या हाताला वाटत होतं. पण मग सांगावं लागलं असतं. तो नुसता पाणी आणून देत राहिला.

मलिका गेली. पोटातलं पोटातच गेलं. मातीला चार माणसं मिळता मिळेनात. शेवटी गुंडूनं खांदा दिला, आणि ख्वाजाच्या नजरेला नजर मात्र दिली नाही.

कबरस्तानातनं ख्वाजा परतला तेव्हा दुपारचं ऊन झोपडीत आलं होतं. अमीरबी भिंतीला टेकून बसली होती, अंगाभोवती तीच रजई लपेटून.

"ती सोड," तो म्हणाला. "अगं सोड ती. हंबीररावांच्या गादीतला कापूस हाय तो. खड्ड्यावरनं आणलेला. खोळबी तिथलीच. मीच मारली आपल्या पोरीला. आता तू तरी सोड."

अमीरबीनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. मग तिनं रजईत तोंड खुपसून वास घेतला.

"माझ्या मलिकाचा वास येतोय हिला," ती म्हणाली. "तुमी जावा तुमच्या खड्ड्याकडं."

तिनं रजई डोक्यावरनं घेतली आणि आतनं गच्च धरली. ख्वाजानं एक टोक पकडून ओढलं. पुन्हा ओढलं, पाय भुईला रोवून, रडत ओढलं. निदान फाटावी, कापूस बाहेर पडावा, म्हणून हिसडे दिले. पण शिवण त्याच्याच हातची होती. ती काही उसवली नाही.