डाव्या चाकातला आत्मा

पिप्! पिप्! पिप्!

अंगणातली गर्दी दचकून मागे सरली. आवाज काकांच्या घरगाडीतून येत होता. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घरच, आत ओटा, पलंग, सगळं. काका हृदयविकाराने गेले तेव्हापासून ती भिंतीकडेला कुलूपबंद उभी होती. आणि आता रोज पहाटे, ऐन काकांच्या उठण्याच्या वेळेला, ती ओरडायची.

मी नर्स आहे, मरण काही मला नवीन नाही. तरी खोटं कशाला बोलू, गर्दीबरोबर मीही मागे सरले. काकूने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

"ऐकलंस? हाक मारतायत गं मला."

"हाकच ती!" आत्मा शांत करायला आलेले मौनीबाबा गरजले. नाव मौनी, पण तोंडाचा पट्टा थांबेल तर शपथ! "काचेतून बघा, ओरडणाऱ्या त्या यंत्रावर लाल दिवा कुठल्या चाकाचा? मागच्या डाव्या! आणि माणसाचं हृदय कुठे असतं?"

"डावीकडे!" गर्दी पुटपुटली.

बाबांनी डोळे मिटून मंत्र सुरू केला. हळूहळू उजाडलं, ऊन गाडीवर आलं आणि थोड्या वेळाने आवाज बंद झाला. शेजारीण तर रडायलाच लागली.

"आत्मा दिवसेंदिवस हट्टी होतोय," बाबा घाम पुसत म्हणाले. "मंत्र रोज लांबतोय, बघताय ना? त्याला पत्नीबरोबर शेवटचा प्रवास हवाय. उद्याच गाडीत बसा, घाट उतरून माझ्या आश्रमात चला. गाडी तिथेच राहील, तो सुटेल."

"आणि नाही आले तर?" काकूने विचारलं.

"मग तोच तुम्हाला न्यायला येईल."

काकूने अन्न सोडलं, गोळ्या सोडल्या. "आता जायचंच आहे, तर गोळ्या कशाला?" म्हणाली आणि पिशवी भरायला बसली. आता मला भुताची नाही, तिची भीती वाटायला लागली.

किल्ली घेऊन मी गाडीत शिरले. काकांनी प्रत्येक चाकाच्या हवा भरायच्या तोंडावर बटणाएवढा सेन्सर बसवला होता. हवा कमी झाली की समोरचं यंत्र ओरडणार, एवढं मला ठाऊक होतं. पण मग पहाटेच का? आणि मंत्राने गप्प का? दिवसभर आकडे बघत बसले. डाव्या चाकाचा आकडा उन्हात चढला, सावली आली तसा उतरला, तापाच्या पेशंटसारखा. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

दुसऱ्या पहाटे मी त्या चाकासमोर जाड गोधडी टांगली.

"हे काय?" बाबा दचकले.

"काकांना थंडी वाजत असेल. तुम्ही करा सुरू."

मंत्र सुरू झाला. अंगण उन्हाने भरलं. पिप्, पिप्! बाबांचा आवाज चढला, चिरकला, बसला. पिप्, पिप्!

"गोधडीने आत्म्याची वाट अडवली!" ते खेकसले.

"आत्म्याची नाही, उन्हाची." मी गोधडी ओढून काढली. चाकावर ऊन पडलं, टायर हळूहळू तापला. बाबा घसा ओला करायला पाण्याचा तांब्या तोंडाला लावून उभे होते, तेवढ्यात आवाज थांबला.

"आता हो? मंत्र कोणी म्हटला?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"गारठ्याने चाकातल्या हवेचा दाब उतरतो, उन्हाने चढतो. हे बाबा फक्त उन्हाची वाट बघत होते!" मी म्हटलं आणि सेन्सरच्या बुडाशी साबणाचं पाणी ओतलं. बुडबुडे फुगायला लागले. आतलं रबर झिजलं होतं, हवा रोज झिरपत होती. म्हणून रोज जास्त ऊन लागत होतं, म्हणून आत्मा हट्टी! "ह्या चाकावर काकूला घाट उतरवणार होतात? उतारावर टायर फुटला असता तर?"

सगळे बुडबुडे बघायला वाकले. बाबा कधी सटकले, कळलंही नाही.

काकू खाली बसली. "म्हणजे ते नव्हते," ती म्हणाली आणि हुंदका फुटला. मी तिला रडू दिलं.

मग तिनेच डोळे पुसले. "ते सांगायचे, यंत्र ओरडलं की गाडी हलवायची नाही, आधी हवा बघायची. मला पाठ होतं गं. भीतीने सगळं विसरले."

रबर बदललं. काकूने काकांच्या पंपाने स्वतः हवा भरली, आणि आत येऊन आधी गोळी घेतली.

भीती कोणाला चुकली आहे? मलाही वाटली होती. पण भीती वाटली की आधी बघा, मोजा, विचारा. ते यंत्र बिचारं रोज जीव तोडून खरं सांगत होतं, आणि आपण हात जोडून उभे होतो.