आठ खणांचं फळ

“बस. आता येक फेरा पन नको,” पुतळाबाई म्हणाल्या आणि काचपट्टी पाण्यातून काढून खिडकीकडे धरली.

त्यांनी हे इतकं स्पष्ट सांगितलं होतं, हे मी आधीच कबूल करते. म्हणजे पुढे कुणाला माझी दया यायला नको.

दुपारचे तीन वाजले होते. नेरूळच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे आणि भरतीच्या वेळी खिडकीतून खाडीचा खारट वास आत येतो. पुतळाबाई इथल्याच सारसोळे गावच्या, कोळ्यांच्या घरातल्या. अठ्ठावीस वर्षं इथे मदतनीस. दगड झालेल्या झाडाफळांचे पातळ काप करायचं काम त्यांचं. काप काचपट्टीवर राळेने चिकटवायचा आणि जाड काचेवर, दगड झिजवणाऱ्या ओल्या पुडीत, गोल गोल घासत राहायचं, दगडातून उजेड पार जाईपर्यंत. मग आतली पेशी न् पेशी दिसते. त्यापुढे जरा जरी घासलं तर काहीच उरत नाही. कुठे थांबायचं हे कुठल्या पुस्तकात नाही, ते पुतळाबाईंच्या बोटांना कळायचं. आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता.

आणि माझ्या फळाचा शेवटचा काप. सुपारीएवढं ते फळ मला विद्यार्थिदशेत सातपुड्याच्या पायथ्याशी, एका शेताच्या बांधावर सापडलं होतं. दख्खनवर लाव्हाचे थर चढत होते, तेव्हा मधल्या कुठल्याशा निवांत काळात ते पाणथळीत पडलं आणि त्याचा दगड झाला. साडेसहा कोटी वर्षं झाली त्याला. माझा संशय असा की हे आपल्या खाडीतल्या चिप्पीच्या, म्हणजे त्या खारफुटीच्या झाडाच्या कुळातलं. आत कप्प्यांसारखे खण आणि खणांत बाकदार बिया दिसल्या, तर चिप्पीचे पूर्वज त्या लाव्हाच्या दिवसांतही होते असं मला छातीठोक म्हणता आलं असतं. असं दुसरं फळ मला कुठे मिळालं नाही. याचे दोन काप तडकून गेले होते. हा तिसरा, आणि यानंतर दगडच संपला होता.

घासण्याचा तो सर्र सर्र आवाज ऐकताना माझे डोळे जड होतात. पाम बीच रोडवरच्या इमारती विरघळायला लागतात. उरतो काळ्या, कोमट खडकांचा मुलूख, लांबवर धूर, आणि मधून आत शिरलेली एक संथ खाडी. काठावर एक झाड उभं असतं. त्याला अजून कुणी नाव ठेवलेलं नसतं. एक फळ देठापासून सुटतं, पाण्यात पडतं, थोडा वेळ तरंगतं. मी हे पंचवीस वर्षं पाहत आले आहे आणि खरं सांगायचं तर माझ्या संसारापेक्षा तिथेच जास्त राहिले आहे.

“दिसतंय काही?” मी विचारलं. मी मोबाइल सूक्ष्मदर्शकावर बसवण्याच्या खटपटीत होते.

“दिसतंय तर! येऊन बगा.”

मी काचपट्टी उजेडाला धरली. मला दिसला एक तपकिरी ठिपका, एका अंगाने काळपट.

“फोटो काळा येईल हो. अजून दोन फेरे मारा.”

“नाय मॅडम. जाईल त्यो.”

“बरं, एकच.”

“मी नाय मारनार.”

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा नाही म्हटलं. शिक्षणाचा माज म्हणा, उतावीळपणा म्हणा, मी स्वतः घासायला बसले. एक फेरा झाला. दुसरा अर्धा झाला आणि काच काचेला लागून कर्रकन वाजली. धुवून पाहिली तर पट्टी स्वच्छ होती. पलीकडचे खिडकीचे गज दिसत होते.

मी रडले. हुंदके देऊन रडले.

पुतळाबाईंनी स्टूल ओढलं. जाड काचेवर राखाडी चिखल साचला होता. फळ आता त्यातच कुठेतरी होतं. त्यांनी त्यात बोट टेकवलं आणि एक गोल काढला. मधे जाड ठिपका, तो फळाचा दांडा. दांड्यापासून कडेपर्यंत रेघा, मोजून आठ. मग एकेका खणात नखाने वाकडी टिंबं.

“आसं व्हतं. आट खन. आमच्या चिप्पीला जास्ती असतान, पन बी अशीच, वाकडी. ल्हानपनी आमी फोडून खायचो, आंबट लागतं. उजेडात धरल्याबरोबर मी वलखलं.”

“मग मला सांगायचंत ना!”

“म्हटलं की, येऊन बगा म्हनून.”

मला जे हवं होतं ते सगळं त्या चिखलात होतं, आणि ते कुणीही पुरावा म्हणून मानलं नसतं. मी फोटो काढला. त्यात ओल्या काचेवर चमकणारी ट्यूबलाइट तेवढी आली. पुतळाबाईंनी काच नळाखाली धरली, रोजच्यासारखी हाताने चोळून धुतली आणि निथळत ठेवली.

नमुन्यांच्या वहीत नोंद करायची राहिली होती.

“माजं नाव टाका,” त्या म्हणाल्या. “मी तं आज चालले. मना कोन काय करनार? तुमची नोकरी हाय अजून.”

मला मोह झाला. खोटं कशाला बोलू? ‘पुतळा धर्मा कोळी यांनी’ इथपर्यंत लिहूनही झालं होतं. पेन तिथे बराच वेळ थांबलं. मग मी पुढे लिहिलं: ‘थांबायला सांगितलं होतं. आठ खण व बाकदार बिया त्यांनी पाहिल्या. मी न ऐकता घासत राहिले आणि नमुना माझ्या हातून गेला.’ खाली सही केली.

वही मी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी साडीला हात पुसले आणि ओळीखाली बोट ठेवून सगळं वाचलं, सावकाश. ‘पाहिल्या’पाशी बोट थांबलं.

“हितं लिवा,” त्या म्हणाल्या, “दुपारी तीन वाजता, खिडकीच्या उजेडात.”

मी लिहिलं.