माझा आखूड पाय आणि खारूचा गुडघा

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. लोक मला चार पायांचे समजतात, पण खरे सांगायचे तर आयुष्याची बरीच वर्षे मी पावणेचार पायांवरच काढली. त्या कमी पडलेल्या पाव पायाने काय काय घडवले, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

टेबल होण्याआधी मी एक दार होते. चांगले उंच, जाडजूड, पितळी कडीचे. ती इमारत पाडली तेव्हा एका तरुण सुताराने मला उचलून आपल्या कारखान्यात नेले. त्याचे नुकतेच लग्न झाले होते आणि घरात जेवायला टेबल नव्हते. त्याने माझा वरचा, कडीची खूण असलेला तुकडा कापून भिंतीला टेकवून ठेवला आणि उरलेल्या मोठ्या भागाचे टेबल करायला घेतले. माझ्या एका कडेला कुलपाचे आरपार भोक होते. तो ते बुजवणार होता, पण त्याची बायको म्हणाली, "राहू दे रे, छान दिसतंय." म्हणून ते राहिले. त्याबद्दल मी तिचे आजही आभार मानते.

तीन पाय उत्तम झाले. चौथ्याला वाळलेले लाकूड पुरले नाही आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे जेवायला यायचे होते. सुताराने एक ओलसर तुकडा घेतला, पाय केला, ठोकला. काही महिन्यांत तो पाय वाळला, वाकला आणि जमिनीपासून अधांतरी राहिला. मी डुगडुगू लागले. सुताराने बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची घडी करून पायाखाली सरकवली आणि म्हणाला, "उद्या बघतो." लोकांची कपाटे, पलंग, खिडक्या तो इतक्या निगुतीने करायचा की गिऱ्हाईक हात फिरवून बघत बसे. घरच्या टेबलाचा उद्या मात्र काही उजाडला नाही.

तरी ते दिवस माझे मजेचे होते. बायको शिवणकाम करायची. दिवसभर माझ्यावर कापड पसरायचे, खडूच्या रेघा उमटायच्या, कात्री करकरत जायची. एका कडेला इस्त्रीचा डाग पडला, तो मी अजून मिरवते. संध्याकाळी कापड गोळा झाले की ताटे यायची. मग त्यांना मुलगी झाली. तिचे लंगोट माझ्यावर बदलले, तिने पहिली अक्षरे माझ्यावरच गिरवली, वहीवर गिरवायची होती तरीही. ती सापडेल ते लपवून ठेवायची. बटणे, बिस्किटे, बाबाचे स्क्रू. म्हणून घरात तिला खारू म्हणू लागले. नको असलेले मटार ती गुपचूप माझ्या कुलपाच्या भोकातून खाली सोडायची. आईला ते केर काढताना सापडायचे, आणि खारू छताकडे बघत बसायची.

मित्रांनो, घरातले बोलणे टेबलाइतके कुणी ऐकत नाही. खारू मोठी होत गेली तसे माझ्या दोन बाजूंना बसलेली ती दोघे बदलत गेली. सुतार सगळ्यालाच "बघू" म्हणायचा. नळ गळतोय, बघू. मला तुझ्याशी बोलायचंय, बघू. आणि आई एकेक गोष्ट मनात साठवून ठेवायची, मग एखाद्या भलत्याच दिवशी सगळी गाठोडी एकदम सोडायची. वाईट दोघेही नव्हते. एकमेकांपाशी मात्र दोघेही दमून जायचे. पुढे पुढे भांडणेसुद्धा कमी झाली. जेवताना फक्त चमच्यांचा आवाज यायचा. ते मला भांडणापेक्षा जड वाटे.

एका दुपारी, खारू शाळेत असताना, दोघे समोरासमोर बसली. कुणी आवाज चढवला नाही. आई माझ्यावर नसलेली सुरकुती तळहाताने सरळ करत होती. बराच वेळ बोलून त्यांनी ठरवले की आता वेगळे राहायचे. "खारूची परीक्षा होऊ दे," आई म्हणाली, "मग सांगू." सुतार "बरं" म्हणाला. हे मी या माझ्या कुलपाच्या भोकाने ऐकले. खारूने ऐकले नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे यावरच अडले आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खारूला बाहुलीच्या घरासाठी छप्पर हवे होते. पुठ्ठा कुठे मिळेना. तिने माझ्या पायाखालची घडी ओढून काढली, मधोमध कापली आणि छान उतरते छप्पर केले. इकडे आईने एका गिऱ्हाइकाचा पांढरा झगा इस्त्री करून माझ्यावर पसरला होता. सुतार आला, त्याने चहाचा कप माझ्या कोपऱ्यावर ठेवला आणि शेजारीच कोपर टेकले. मी कलंडले. सगळा चहा झग्यावर.

"किती वर्षं सांगतेय! एक पाय दुरुस्त होत नाही तुझ्याच्यानं!" आई रडायलाच लागली.

"मग ठेवायचा कशाला तिथे झगा? दिसत नाही, टेबल डुगडुगतंय ते?"

टेबलावरून सुरू झालेले बोलणे नळावर गेले, नळावरून माहेरावर, तिथून कुठच्या कुठे. दाराशी खारू उभी होती. तिच्या हातात छप्पर होते.

परीक्षा संपली. दोघांनी तिला माझ्यापाशी बसवले, आईस्क्रीम दिले आणि सांगितले. आई-बाबा आता दोन घरांत राहणार. याला घटस्फोट म्हणतात. बाबा कारखान्यावरच्या खोलीत राहील, शनिवार-रविवारी तू त्याच्याकडे जाशील. आमचे दोघांचेही तुझ्यावर प्रेम आहे. बोलणे सगळे बरोबर होते, फक्त घाईचे होते. बाबाला एक कपाट पोचवायचे होते आणि आईला डोळ्यांतले पाणी लपवायचे होते. खारूने मान हलवली. तिने काहीच विचारले नाही, म्हणून तिला समजले असे दोघांना वाटले. आईस्क्रीम वितळून माझ्यावर सांडले, तर तिने ते बाहीने चटकन पुसून टाकले. एरवी ती असे काही पुसणारी नव्हे.

मावशी भेटायला आली. आईची थोरली बहीण, मनाने प्रेमळ. तिने खारूला जवळ घेतले. "गुणाची गं माझी बाळ ती. आता आईला जरासुद्धा त्रास द्यायचा नाही हं." खारूने पुन्हा मान हलवली. मावशी गेल्यावर ती माझ्याखाली शिरली आणि खालून कुलपाच्या भोकाला तोंड लावून कुजबुजली, "पुठ्ठा मी काढला होता. मी काढला नसता तर बाबा गेला नसता. कुणाला सांगू नकोस."

मित्रांनो, मला इतके वाईट वाटले की काय सांगू. मला सगळे माहीत होते. ओरडून सांगावेसे वाटत होते की वेडाबाई, हे चहाच्या आधीच ठरले होते गं! पण देवाने मला ऐकायला भोक दिले, बोलायला जीभ दिली नाही.

मग खारूने दुरुस्तीचे मनावर घेतले. छप्पर मोडून तिने ते पुन्हा पायाखाली घातले, पण कापलेला पुठ्ठा काही पुरेना. आणखी तुकडे आणले, शिवणाच्या दोऱ्याने बांधले, तेही सुटले. शेवटी ती जेवताना त्या पायाजवळच बसू लागली आणि गुडघा वर करून मला खालून उचलून धरू लागली. वर हाताने घास घ्यायचा, खाली गुडघ्याने टेबल पेलायचे. पूर्ण जेवण होईपर्यंत. आईला वाटायचे, टेबल आपोआप बरे झाले. तिची पोर किती शहाणी झाली म्हणून ती शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायची. सांडत नाही, हट्ट नाही, मटारही खाते! तो थरथरणारा गुडघा फक्त मला जाणवायचा. त्यावर काळानिळा डाग पडला. आईने विचारले, तर खारू म्हणाली, शाळेत पडले.

एका शनिवारी ती बाबाला म्हणाली, "बाबा, टेबलाचा पाय नीट करून देशील?" सुतार बघू म्हणणारच होता, पण तिचा चेहरा बघून म्हणाला, "उद्या येतो." दुसऱ्याच दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन तो दारात हजर झाला. आईने त्याला आत घेतले आणि कापडे उचलून जागा करून दिली.

त्याने मला उलटे केले. इतक्या वर्षांत माझे पोट पहिल्यांदा उजेडात आले. पायाला गुंडाळलेले दोरे, पुठ्ठ्याचे कपटे, मधे एक बटण, सगळे त्याने पाहिले. आईनेही पाहिले. मग सुताराने माप घेतले, लाकडाची चकती कापली, सरस लावून पायाखाली बसवली आणि तासून सारखी केली. रंध्याने मला अशा गुदगुल्या झाल्या! चकती घट्ट बसेपर्यंत सगळी थांबली. सुताराने मला सरळ उभे केले आणि मधोमध खारूची गोटी ठेवली.

गोटी हलली नाही.

खारू उड्या मारत आत पळाली. येताना तिने बाबाचा मोठा कप आणला आणि त्याच्या जुन्या जागेवर ठेवला. तीन ताटे मांडली. त्याची हत्यारांची पिशवी दोन्ही हातांनी ओढत नेऊन कपाटाखाली सरकवली, पूर्वी असायची तिथेच.

"झालं ना आता सरळ?" ती म्हणाली. "मग आता इथंच राहा."

त्या क्षणी, मित्रांनो, मला माझ्या सरळ पायाची लाज वाटली. सुताराने तोंड उघडले. "बघू" हा शब्द त्याच्या ओठावर आलेला मी पाहिला, आणि त्याने तो गिळला. तो खाली बसला.

"नाही, खारू. मी इथं राहायला येणार नाही."

"पण टेबल नीट झालं!"

"टेबल झालं. पण मी नाही येणार."

खारूचा चेहरा असा झाला की मला बघवेना. आणि मग इतके दिवस माझ्या भोकात कोंबलेले सगळे बाहेर आले. "पुठ्ठा मी काढला होता! छप्पर करायला! माझ्यामुळे चहा सांडला! मी रोज गुडघ्यानं धरून ठेवलं, एकदाही सांडू दिलं नाही, तरी तू येत नाहीस!"

आईचा हात खारूच्या गुडघ्यावर गेला. तो डाग तिला आता समजला. तीही फरशीवर बसली.

"अगं, चहा सांडायच्या आधीच ठरलं होतं आमचं. तू शाळेत होतीस. इथंच बसून ठरवलं. तुझी परीक्षा होती म्हणून थांबलो."

"आधीच?"

"आधीच," बाबा म्हणाला. "पुठ्ठा असता तरी मी गेलोच असतो. आई आणि मी एका घरात नीट राहू शकत नाही. ते तुझ्यामुळे बिघडलं नाही आणि तुझ्यानं दुरुस्तही होणार नाही, राणी. ते तुझं काम नाही."

"मग त्या दिवशी एवढे ओरडलात कशाला?"

आईने डोळे पुसले. "राग दुसराच होता गं. टेबलावर काढला."

मला वाटले, कुणीतरी कबूल तरी केले!

खारू आधी खूप रडली. मग म्हणाली, "मला तुमच्या दोघांचा राग आलाय."

"येऊ दे," आई म्हणाली. "राग आला तरी आम्ही तुझेच." बाबाने खारूचा हात घट्ट धरून ठेवला. त्या दिवशी तिघे माझ्याभोवती जेवली. मटार होते. खारूने ते भोकातून खाली सोडले, कुणाचीही पर्वा न करता. बाबाने कपाटाखालची पिशवी घेतली आणि पुन्हा शनिवारी येतो असे सांगून तो गेला. दार लागल्यावर खारू परत रडली. आईने तिला रडू दिले.

पुढच्या शनिवारी कारखान्यात, भिंतीला टेकलेला माझा वरचा तुकडा तिला सापडला. कडीची खूण बघून तिने विचारले, तेव्हा तो आपल्या टेबलाच्याच दाराचा आहे असे बाबाने सांगितले. बापलेकीने मिळून त्याचे एक छोटे टेबल केले. ते आता कारखान्यावरच्या खोलीत असते, तिच्या वह्यांसाठी. चारही पाय वाळलेल्या लाकडाचे आहेत, खारूने स्वतः तपासून घेतले. आम्ही दोघे एकाच दाराचे. पुन्हा एक दार काही आम्ही होणार नाही. पण तिकडे ते ताठ उभे आहे आणि इकडे मी.

तर मित्रांनो, तुमच्या घरी असे काही झाले आणि तुमच्या मनात एखादा पुठ्ठा दडवलेला असेल, तर तो माझ्यासारख्या मुक्या टेबलाला सांगू नका. आईला सांगा, बाबाला सांगा, शिक्षकांना, आजोबांना, ज्याला जीभ आहे त्याला सांगा. आणि मोठ्या मित्रांनो, मूल शहाण्यासारखे वागू लागले की कौतुक करण्याआधी एकदा वाकून टेबलाखाली बघा.

खारू आता जेवताना दोन्ही पाय हलवत बसते. बोलण्याच्या नादात मला लाथा बसतात, कधी कधी चांगल्या जोरात. आई म्हणते, "अगं, टेबलाला लागेल!" लागते थोडे. पण ती लाथ बसली की मला कळते, तिच्या गुडघ्यावर आता कसलेच ओझे नाही.